तसबिरींतील हास्य : बारामती व इंदापूर तालुक्यांतील तीन जुन्या फोटोंचें परीक्षण

(१)

आपल्या प्रांतांत पोथ्या, बाडें, मोडी कागद, ताम्रपट व नाणीं जमविणारांची आज उणीव नाहीं. इ. स. १९१० सालीं वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, तेव्हां मात्र स्थिति निराळी होती. वाड्यावाड्यांतून दप्तरें वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडत होतीं आणि कागद रद्दीच्या भावानें दुकानदाराच्या पुड्यांस लागत होते. ज्यांस त्या कागदांचें मोल कळलें त्यांनीं ते वेंचले, म्हणून पुढील पिढ्यांस इतिहास लिहितां आला. त्या वेळीं जी दशा मोडी कागदांची होती, तीच आज घरगुती फोटोंची झाली आहे. जुनें घर पाडतांना सागवानी चौकट विकली जाते, कांच दुसऱ्या कामास लागते, आणि मधला फोटो उकिरड्यावर जातो.

संग्राहक वेळेवर पोहोंचला तरी सगळें वांचतें असें नाहीं. पगडी, तलवार, भरजरी अंगरखा दिसला कीं तो फोटो उचलला जातो. एखादा हलला, कोणी विचित्र बसला, मागचा पडदा वांकडा झाला, किंवा मुद्दाम गंमत म्हणून काढला, तर ‘हा पोरखेळ आहे’ म्हणून तो मागें ठेवला जातो. ही निवड चुकीची आहे, व जें हास्यास्पद म्हणून टाकलें जातें त्यांतच पुष्कळदां अधिक इतिहास असतो, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेख आहे. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील घरांत आमच्या पाहण्यांत आलेल्या तीन फोटोंचें परीक्षण आम्ही येथें करणार आहों. मालकांच्या इच्छेवरून त्यांचीं नांवें व गांवें दिलेलीं नाहींत.

(२)

फोटोंकडे वळण्यापूर्वीं याच भागांतील दोन शिल्पांचा उल्लेख करणें अवश्य आहे. कारण विस्मय आणि हास्य यांचा शेजार येथें कांहीं फोटोग्राफीबरोबर आलेला नाहीं.

बारामती तालुक्यांतील मोरगांवचें मयूरेश्वराचें देऊळ सर्वांच्या परिचयाचें आहे. चार कोपऱ्यांस मिनारांसारखे मनोरे, उंच तट, आणि देवासमोर उंदीर, येथवर कोणासही आश्चर्य वाटूं नये. परंतु देवळासमोर गणपतीकडे तोंड करून भला मोठा नंदीही बसलेला आहे. पित्याचें वाहन पुत्राच्या दारीं कसें, या प्रश्नाचें उत्तर गांवची दंतकथा देते. तो नंदी एका शिवालयासाठीं गाड्यावरून नेला जात होता. गाडा येथेंच मोडला. आणि त्यानंतर नंदी कांहीं केल्या जागचा हलेना. देवळांचीं वर्णनें लिहिणारे ही कथा एका ओळींत उरकतात व पुढें मनोऱ्यांच्या घडणीकडे वळतात. आमच्या मतें तेथें थांबलें पाहिजे. एवढा थोरला धोंडा वाहून आणणाऱ्यांचे कष्ट, मोडलेला गाडा, आणि जें टाळतां आलें नाहीं त्यास देवाची इच्छा म्हणून हंसतमुखानें दिलेली मान्यता, हें सर्व त्या कथेंत आहे. ती ऐतिहासिक सत्य आहे कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. मूर्तीकडे पाहण्याची लोकांची रीत ती सांगते, आणि ती रीत हाही पुरावाच होय.

त्याच तालुक्यांतील लोणी भापकर येथील यज्ञवराहाची मूर्ति दुसऱ्या प्रकारची आहे. सर्वांग वराहाचें, आणि अंगावर विष्णूच्या बारीक मूर्तींच्या ओळी कोरलेल्या. पाहणारा प्रथम स्तब्ध होतो. मग वराहाच्या त्या पुष्ट मुसकटाकडे दृष्टि जातां ओठांवर स्मित येतें. आणि त्या स्मितानें भक्तीस बाध येत नाहीं. भरतानें अद्भुताची देवता ब्रह्मा व हास्याची देवता प्रमथ म्हणजे शिवगण सांगितले आहेत. रसांचीं दैवतें वेगळीं असलीं तरी एकाच दगडांत तीं सुखानें नांदतात. ज्या लोकांनीं असे दगड पिढ्यान्‌पिढ्या पूजिले, त्यांच्या हातीं पुढें फोटोयंत्र आलें. त्यांनीं त्याचें काय केलें, तें आतां पाहूं.

(३)

फोटोग्राफीची कृति युरोपांत इ. स. १८३९ सालीं प्रसिद्ध झाली. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींतील नामांकित फोटोग्राफर होते. १८५५ सालीं एल्‌फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या कलेचा वर्गही चालू झाला. मोठ्या शहरांतून ही कला फिरत्या फोटोवाल्यांच्या पाठीवर बसून तालुक्याच्या गांवीं आली.

जुन्या फोटोंत कोणी हंसत कां नाहीं, असा प्रश्न तरुण मंडळी नेहमी विचारतात, आणि त्यास ठराविक उत्तर मिळतें कीं, त्या काळीं बराच वेळ न हलतां बसावें लागे. ओल्या कांचेच्या काळापुरतें हें उत्तर खरें आहे. कांचेवर प्रकाश पडण्यास कांहीं सेकंद लागत, व डोकें हलूं नये म्हणून मानेमागें लोखंडी आधार देत. परंतु सुक्या कांचा सर्वत्र झाल्यावर तें काम क्षणार्धांत होऊं लागलें, आणि तरीही आपल्याकडील माणसें पुढें दोन तीन पिढ्या गंभीरच राहिलीं. तेव्हां कारण यंत्रांत नसून माणसांत शोधलें पाहिजे.

नाट्यशास्त्रांत हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे सहा भेद आहेत. पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, मधले दोन मध्यम प्रकृतीचे, शेवटचे दोन अधम प्रकृतीचे. स्मिताचें लक्षण असें कीं, गाल किंचित् फुलावे पण दांत दिसूं नयेत. हें शास्त्र आमच्या खेड्यांतील कुणब्यानें वाचलें होतें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या मर्यादेचें तें वर्णन आहे ती मर्यादा त्याच्या घरीं पाळली जात होती. शिवाय हा फोटो लागणार कोठें? सोप्याच्या भिंतीवर, १८७८ सालीं निघालेल्या पुण्याच्या चित्रशाळेच्या किंवा १८९४ सालीं निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याच्या देवदेवतांच्या चित्रांशेजारीं. पुढें माणूस गेल्यावर त्यासच हार घालावयाचा. आपल्या भावी पूजेच्या तसबिरीसाठीं बसलेला माणूस दांत काढील कसा?

म्हणून घरगुती फोटोंतील हास्य बसणाराच्या तोंडावर शोधूं नये. तें चौकटीच्या कडेस, पडद्याच्या खालीं, आणि पाठीमागील पुठ्ठ्यावर असतें.

(४)

पहिला फोटो इंदापूर तालुक्यांतील एका शेतकरी घराण्यांतला आहे. त्याच्या दोन प्रती त्या घरीं आहेत. लहान प्रत पुठ्ठ्यावर डकविलेली आहे. अंगणांत खुर्चीवर घरधनी, शेजारीं खुर्चीच्या पाठीस हात लावून त्यांची पत्नी, मध्यें चार पांच वर्षांचा मुलगा. मुलगा ऐन वेळीं हलल्यामुळें त्यास दोन नाकें झालीं आहेत. मागें पडदा म्हणून एक घोंगडी धरलेली आहे. तिच्या वरच्या कडेवर डावीकडे चार बोटें, उजवीकडे कडें घातलेला एक हात, आणि खालीं चार अनवाणी पाऊलें.

मोठी प्रत सोप्यांत टांगलेली आहे. ती त्याच फोटोवरून मागाहून मोठी करून रंगविलेली. तींत घोंगडीच्या जागीं ढग, एक खांब व फुलदाणी आलेली आहे. बोटें, हात व पाऊलें नाहींशीं झालीं आहेत. मुलाचें एक नाक रंगाऱ्यानें कमी केलें. पण दुसरें नीट करतांना त्यानें चेहरा असा कांहीं ओढला कीं, मूल चाळीस वर्षांच्या कारकुनासारखें दिसूं लागलें.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस या दोन प्रतींचा संबंध समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्या प्रतींत अडचणीचें वाचन आहे ती जुनी, आणि ज्या प्रतींत सर्व सोपें व गुळगुळीत आहे ती सुधारलेली, हें संपादनशास्त्राचें सामान्य तत्त्व आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत डॉ. वि. सी. सुखटणकर यांनीं याच जातीचीं तत्त्वें मांडलीं. त्यांच्या आदिपर्वाची प्रस्तावना १९३३ सालची. घोंगडीवरील बोटें हें ‘अवघड वाचन’ होय. तें कोणी मागाहून घालणार नाहीं. काढून टाकण्याचा मोह मात्र प्रत्येकास होईल. तसा तो झाला, आणि घराच्या दर्शनी भिंतीवर सुधारलेली प्रत गेली. मूळ प्रत पेटींत राहिली.

बोटें कोणाचीं, असें आम्हीं घरांतील एका वृद्ध बाईंस विचारलें. कड्याचा हात घरधन्याच्या धाकट्या भावाचा, असें त्यांनीं तात्काळ सांगितलें. चार बोटें सालगड्याचीं. त्याचें नांव त्यांस आठवेना, व घरांत दुसऱ्या कोणास ठाऊकही नाहीं. ज्यानें वर्षानुवर्षें त्या घरची शेती केली, त्याचें म्हणून त्या घरीं एवढेंच चित्र आहे. गांवच्या कागदपत्रांत तो सांपडला तर सांपडेल; परंतु चित्र म्हणून जगांत उरलें आहे तें इतकेंच, चार बोटें आणि दोन पाऊलें.

पोथ्यांच्या शेवटीं लेखकु आपली पाठ, कंबर व मान मोडल्याची तक्रार लिहितो, आणि तेलापासून, पाण्यापासून व मूर्खाच्या हातापासून पोथी राखा अशी विनवणी करतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तें वाचून आपण हंसतों. पण त्या हंसण्याबरोबर शें-दोनशें वर्षांपूर्वींचा एक माणूस, दिव्याशीं वांकलेला, आपल्यासमोर येतो. घोंगडीवरील बोटें ही या फोटोची पुष्पिका आहे. जो ती कापतो तो पोथीचें शेवटचें पान फाडतो.

(५)

दुसरा फोटो नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूरच्या यात्रेंत काढलेला, असें घरचे लोक सांगतात. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनीं बांधविलेल्या तेथील देवालयाचा फोटो संग्राहक अगत्यानें ठेवतील. हा ठेवतील असें वाटत नाहीं, कारण यांत देऊळ नाहींच. तंबूच्या कनातीपुढें पुठ्ठ्याचें एक विमान आहे. विमानास पंख दोन, पैकीं एक दुसऱ्याहून आंखूड. आंत दोन तरुण आणि त्यांचे वडील. तरुणांनीं एक हात हवेंत केला आहे. वडिलांनीं पागोटें घट्ट धरलें आहे, जणूं वाऱ्यानें उडेल. आणि विमानाच्या खालीं, जमिनीवर, म्हाताऱ्याच्या वहाणा जोडीनें नीट काढून ठेवलेल्या आहेत.

या वहाणांचा अर्थ काय? एक पक्ष म्हणेल, भोळा शेतकरी. देवळाच्या पायरीवर काढावयाच्या त्या विमानापाशीं काढल्या. दुसरा पक्ष म्हणेल, पुठ्ठा फाटूं नये म्हणून तंबूवाल्यानेंच काढावयास लावल्या. आम्ही पागोट्यावरील हाताकडे बोट दाखवितों. ज्यानें नसलेल्या वाऱ्यापासून पागोटें सांवरलें, तो वहाणांच्या बाबतींतच भोळा होता असें मानण्यास आधार काय? म्हाताऱ्यास खेळ पुरता कळला होता, आणि मुलांपेक्षां तो अधिक चांगला खेळला. त्याचा चेहरा मात्र अगदीं गंभीर आहे. हें स्मिताच्याही पलीकडचें हास्य होय. हंसणारा हंसत नाहीं, पाहणारा हंसतो.

भरतानें हास्याचे आत्मस्थ व परस्थ असेही दोन प्रकार केले आहेत. स्वतः हंसणें तें आत्मस्थ, दुसऱ्यास हंसविणें तें परस्थ. हा फोटो परस्थ हास्याचा उत्कृष्ट नमुना आहे, व तो घडविणारा म्हातारा या कलाकृतीचा कर्ता आहे, केवळ विषय नव्हे. आजकाल जुन्या फोटोंवर थट्टेच्या ओळी चिकटवून ते मोबाइलवरून धाडण्याची चाल पडली आहे. त्यांत नांव, गांव व प्रसंग गळून पडतो, आणि ज्यानें आपणांस हंसविलें त्यासच आपण हंसूं लागतों. हास्याचा येथें उपहास होतो. परीक्षकानें पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, हंसें कोणाचें आहे? पहिल्या फोटोंत तें रंगाऱ्याच्या कुंचल्याचें आहे, दुसऱ्यांत म्हाताऱ्यानें स्वतः रचलेलें आहे. दोहोंत गरिबाचें हंसें कोठेंही नाहीं. तें आपण बाहेरून घालूं नये.

(६)

तिसरा फोटो बारामतींतला. बुद्धिबळाचा पट मांडलेला आहे, आणि पटाच्या दोन्ही बाजूंस एकच मनुष्य बसलेला आहे. डावीकडे तो विचारमग्न, हनुवटीस हात लावून. उजवीकडे विजयी, मिशीवर बोट ठेवून. एका कांचेची अर्धी बाजू झांकून दोनदां फोटो घेण्याची ही युक्ति त्या काळच्या पुष्कळ फोटोवाल्यांस येत असे. जोड कोठें आहे तें पाहूं जातां पटाच्या मधोमध एक पुसट रेघ दिसते, आणि एक हत्ती त्या रेघेवर सांपडून अर्धाच उरला आहे.

‘ही नुसती करामत आहे, कला नव्हे,’ असा यावर आक्षेप येईल. बारामतीकरांस हा आक्षेप नवा नाहीं. पन्हाळगडीं १७२९ सालीं जन्मलेले मोरोपंत नाईकांच्या आश्रयानें बारामतीस राहिले व १७९४ सालीं तेथेंच वारले. त्यांनीं अष्टोत्तरशत रामायणें रचिलीं, आणि त्यांतील निरोष्ठ रामायणांत एकही ओष्ठ्य वर्ण येऊं दिला नाहीं. त्यांच्या कवितेवर शब्दांच्या कसरतीचा आरोप झाला, व विष्णुशास्त्री चिपळूणकरांस निबंधमालेंत तिचा कैवार घ्यावा लागला. संस्कृत साहित्यशास्त्रांतही मम्मटानें चित्रकाव्यास सर्वांत खालचें स्थान दिलें आहे.

आम्ही मम्मटाची पायरी ओळखून आहों. बुद्धिबळाचा हा फोटो उत्तम काव्याच्या पंक्तीस बसवावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु करामतीचेंही दोन प्रकार असतात. दंडीच्या दशकुमारचरितांत मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य वर्णांवांचून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतांनीं त्याचे ओठ दुखावले आहेत. तेथें नियम अवघड आहे खरा, पण त्यास कारण आहे, आणि तें कारण कळतांच वाचकास हंसूं येतें. ज्या करामतीस असें अंतरंग आहे ती कलेच्या उंबरठ्यावर येते. जीस नाहीं ती बाहेर राहते. आमच्या फोटोंत अंतरंग आहे. जिंकणारा व हरणारा एकच, हें साध्या घरांतल्या माणसानें आपल्या खर्चानें काढविलेलें एक छोटेंसें तत्त्वज्ञान आहे. पुठ्ठ्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें मोडींत दोन शब्द आहेत : ‘बरोबरी सुटली’. हे शब्द वाचल्याशिवाय फोटो पुरता कळत नाहीं. आणि चौकटींत बसविण्यासाठीं नेमका हाच पुठ्ठा काढून टाकण्याचा घरच्यांचा बेत होता.

अर्धा राहिलेला हत्ती हा दोष आहे, हें मान्य केलें पाहिजे. जोड लपविण्यांत फोटोवाला कमी पडला. पण हा दोष त्या हातकामाची कृति उलगडून दाखवितो, म्हणून अभ्यासकास तो गुणाइतकाच उपयोगी आहे.

(७)

एवढ्या लहान गोष्टींसाठीं एवढा खटाटोप कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर पाण्याखालीं आहे. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पूर्ण झालें आणि कांठचीं जुनीं गांवें जलाशयांत गेलीं. पळसदेवचें पळसनाथाचें प्राचीन देऊळ त्यांपैकींच. पाणी फार ओसरलें कीं प्रथम त्याचें शिखर आणि मग सबंध देऊळ वर येतें, लोक तें पाहण्यास धांवतात, आणि पावसाळ्यानंतर तें पुन्हां बुडतें. देवळाचा दगड टिकला. शिल्पाचे अभ्यासक त्याची नोंद करीत आहेत व करतील. परंतु देवळाभोंवतीं जें गांव होतें, त्याच्या भिंती, कट्टे, दुकानें व अंगणें पुन्हां वर येणार नाहींत.

तें गांव आतां कोठें आहे? पुनर्वसनांत वर नेलेल्या घरांच्या पेट्यांत आहे. लग्नाच्या पंगतीचा वांकडा फोटो, बैलाला टोपी घालून काढलेला फोटो, पारावर झोंपी गेलेल्या मित्राच्या अंगावर पाटी ठेवून काढलेला फोटो, असे फोटो काढणाऱ्याचें लक्ष गमतीकडे असतें, आणि म्हणूनच त्याच्या नकळत मागचा पार, मागची भिंत, मागची गल्ली जशीच्या तशी उतरते. गंभीर फोटोंत पडदा असतो. गमतीच्या फोटोंत गांव असतो. बुडालेल्या गांवाचा नकाशा कोणास पुन्हां जुळवावयाचा असेल, तर त्यास पागोटेंवाल्या पाटलाच्या तसबिरीपेक्षां हे टाकाऊ फोटो अधिक उपयोगी पडतील. आणि ज्यांनीं ते काढले, ज्यांस त्यांतील गल्ली कोणती हें सांगतां येतें, तीं माणसें आतां सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत.

(८)

म्हणून संग्राहकांस आमच्या सूचना थोड्याच आहेत. फोटो पुठ्ठ्यापासून सोडवूं नये व कडा कापूं नयेत. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा घ्यावी. एका घरचे फोटो एकत्र ठेवावे. आल्बममधून चांगले तेवढे निवडून घेणें म्हणजे बाडांतून हवीं तीं पानें फाडणें होय. एकाच फोटोच्या दोन प्रती असल्यास सुधारलेली ठेवून मूळ टाकूं नये. फोटोंत कोण आहे एवढेंच न विचारतां, लोक कशास हंसले तेंही विचारावें, व उत्तर सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावें. कारण विनोद हा नांवांच्याही आधीं विसरला जातो. आणि कडेस जें बोट, जो हात, जें पाऊल दिसत असेल, त्याचें नांव प्रथम विचारावें. मधल्या माणसाचें नांव घरांत कोणास तरी ठाऊक असतें. कडेच्या माणसाचें ठाऊक असणारें एखादेंच उरलेलें असतें.

विस्मय व हास्य हे रस संशोधनास परके नाहींत. जो दगडासमोर स्तब्ध होत नाहीं व पुष्पिका वाचून हंसत नाहीं, त्यास दगडाचें माप व पोथीचा शक बरोबर देतां येईल, पण त्या वस्तु ज्यांच्या होत्या तीं माणसें त्यास भेटणार नाहींत. बारामती-इंदापूरच्या वाचकांनीं आपापल्या घरच्या पेट्या या दृष्टीनें एकवार उघडून पाहाव्या, आणि हंसूं येण्याजोगें जें निघेल तें प्रथम जपून ठेवावें, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.